लिफ्टच्या विहिरीतून

कॉर्डेल, हा पाना धर आधी.
दिवा इकडे कर.
आता विचार काय विचारत होतास.
कुठलं शहर लांबून जास्त देखणं,
मोबील, मेकन की आपलं बर्मिंगहॅम?

मला काय विचारतोस.
लोक पुलावर गाडी थांबवून फोटो काढतात.
मी एकेचाळीस वर्षं विहिरीच्या तळाशी उताणा,
छातीवर ग्रीसचे थेंब
आणि वर बावीस मजल्यांचा काळोख.

मोबीलचे दोर लवकर गंजतात.
खाडीची खारी हवा मेहुण्यासारखी तळघरात शिरते
आणि मुक्काम ठोकते.
तिथले लोखंडी नक्षीचे सज्जे छान, नाही म्हणत नाही,
पण वादळानंतर खड्ड्यात गुडघाभर पाणी.
एकदा त्यात मासा होता.
जिवंत. शपथ.

चॅटनूगात मध्येच डोंगर येतो
आणि इमारतींना त्यांची पायरी दाखवतो.
नॉक्सव्हिलचा तो सोनेरी काचेचा गोळा,
जत्रा उठली तरी रेंगाळणारा फुगेवाला जसा.
जॅक्सनमध्ये संध्याकाळी पाचनंतर
अख्ख्या रस्त्यावर मी आणि एक कबूतर,
आणि कबूतरालाही घाई.

मेकनमध्ये उंच म्हणावं असं काही नाही.
कळस आहेत, झाडं आहेत, जुन्या पेढ्या आहेत.
एका पेढीच्या तळघरात, मोटरमागच्या भिंतीत,
एका विटेवर चार बोटं उमटलीत.
लहान बोटं.
बाहेर पितळी पाटीवर मालकाचं नाव आहे.
मी दुपारचा डबा तिथेच खाल्ला,
भिंतीकडे तोंड करून.

पाना दे. तो नाही, मोठा.

आणि बर्मिंगहॅम.
ते कोपऱ्यावरचं हॉटेल आहे ना,
आता महागडी घरं झालीत तिथे, भाडं विचारू नकोस,
तिथे माझी आई लिफ्ट चालवायची.
व्हर्लीन गॅस्किन्स. पांढरे हातमोजे, पितळी दांडा.
सोळाव्या मजल्यावर गच्चीतलं रेस्टॉरंट.
दार उघडायचं, पाहुणे उतरायचे,
त्यांच्या खांद्यांमधून, टोप्यांच्या कडांवरून
तिला शहर दिसायचं.
मग दार बंद.

नऊ सेकंद. मी पुढे घड्याळ लावून मोजलं.
दिवसाला साठ फेऱ्या धर,
नऊ मिनिटं झाली.
तेवढ्यातलं ती घरी आणायची:
बँकेच्या नवव्या मजल्यावर कुणी कुंडी ठेवलीय.
भट्टीचा धूर आज आपल्या वस्तीकडे वळलाय.
कोर्टाच्या छपरावर एक माणूस नुसताच बसला होता.
आम्ही चौघं भावंडं मक्याच्या भाकरीभोवती
ते शहर जोडत बसायचो.
माझ्या धाकट्या बहिणीनं, युलालीनं,
त्या छपरावरच्या माणसाला नावही ठेवलं होतं.

ड्युटी संपली की आई खाली यायची
मागच्या, मालाच्या लिफ्टनं.
बटाट्याची पोती आणि ती.
त्याबद्दल ती कधी बोलली नाही.
एकदाच म्हणाली, त्या लिफ्टला आरसा नव्हता ते बरं.

आता तो दांडा लख्ख घासून
लॉबीत काचेत ठेवलाय.
खाली लिहिलंय: मूळ यंत्र.
नवी लिफ्ट अडकली म्हणून मार्चमध्ये मला बोलावलं.
दहा मिनिटांचं काम. सेन्सरवर धूळ बसली होती.
काम झाल्यावर वर गेलो, सोळावर,
आणि दारात पाय घालून उभा राहिलो.
यंत्र कोकलत होतं. कोकलू दिलं.

बँक आहे. कुंडी कुठून असणार.
कोर्टाच्या छपरावर थंड हवेची यंत्रं.
भट्ट्या गार, आभाळ स्वच्छ, पार लांबच्या टेकडीपर्यंत,
आणि मधोमध गाड्या ठेवायची एक पाच मजली कुरूप इमारत.
मी तीसुद्धा नीट पाहून घेतली.

घड्याळ नाही पाहिलं, कॉर्डेल.
एक बाई कुत्रं घेऊन आली, म्हणाली,
काही बिघडलंय का?
म्हटलं, नाही बाई, तपासतोय.

हं. आता सोड दोर.
हळू. हाताला कळू दे वजन.